आरोग्यातली दरी कमी करायची, तर वाट कुठे तुटते ते आधी शोधा

लॉस एंजेलिस परगण्यातल्या ५२ सलूनमध्ये झालेला एक प्रयोग या कामात नव्याने उतरणाऱ्या प्रत्येकाला मी आधी सांगतो. तिथल्या कृष्णवर्णीय पुरुषांमध्ये उच्च रक्तदाबाचं प्रमाण मोठं, आणि डॉक्टरकडे जाणं मात्र कमी. पण आपल्या ठरलेल्या सलूनमध्ये ते वर्षानुवर्षं जातात आणि तिथल्या माणसावर त्यांचा विश्वास असतो. म्हणून या सलूनचे दोन गट केले. बीपी वाढलेले एकूण ३१९ पुरुष त्यात सहभागी झाले. एका गटात सलूनवाल्याने बीपीबद्दल समजावून सांगितलं, राहणीमान बदलायला सुचवलं, डॉक्टरकडे जाण्याचा आग्रह धरला. दुसऱ्या गटात फार्मासिस्ट स्वतः सलूनमध्ये यायचे, बीपी मोजायचे, डॉक्टरांशी ठरलेल्या पद्धतीने तिथल्या तिथे गोळ्या सुरू करायचे आणि पुढच्या भेटीत डोस बदलायचे. सहा महिन्यांनी पहिल्या गटाचं वरचं बीपी सरासरी ९ अंकांनी उतरलं होतं, दुसऱ्या गटाचं २७ अंकांनी. २०१८ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

समाज तोच, सलून तशीच, विश्वासही तोच. पहिल्या गटाला सल्ला मिळाला, दुसऱ्याला उपचार मिळाले. अल्पसंख्याक समाजाच्या आरोग्यासाठी काम करायचं ठरलं की पहिल्याच बैठकीत ‘जनजागृती करू या’ असं कोणीतरी म्हणतं, तेव्हा हे दोन आकडे आठवावेत. लोकांना कळत नाही म्हणून ते मागे राहतात, हे गृहीतक बहुतेक वेळा अपुरं असतं. घरापासून उपचारापर्यंतची वाट कुठेतरी तुटलेली असते. ती जागा शोधायची, ती दुरुस्त करायची आणि दुरुस्ती टिकते का ते मोजत राहायचं. पुढे लिहिलेलं सगळं या तीन कामांबद्दल आहे.

कामाला लागण्याआधी: कोणत्या फरकाला विषमता म्हणायचं?

म्हाताऱ्यांना तरुणांपेक्षा जास्त आजार होतात, ती विषमता नव्हे. जो फरक टाळता येण्यासारखा आहे आणि अन्यायातून आलेला आहे, त्याला आरोग्यविषमता म्हणायचं. अल्पसंख्याक म्हणजे फक्त धर्माने अल्पसंख्याक असंही नाही. वंश, भाषा, जमात, स्थलांतर, अपंगत्व, लैंगिकता अशा कोणत्याही कारणाने जो गट संख्येने किंवा सत्तेने बाजूला पडला आहे, तो इथे येतो. कर्णबधिर माणसाची दवाखान्यात होणारी अडचण आणि नव्या देशात आलेल्या स्थलांतरिताची अडचण अनेकदा एकाच खिडकीपाशी सुरू होते.

कारणांबद्दल दोन गोष्टी मनात पक्क्या असाव्यात. पहिली, हा फरक रक्तातून येतो असं म्हणणं जुनं आहे आणि त्याचं खंडनही जुनं आहे. कृष्णवर्णीय समाजशास्त्रज्ञ डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस यांनी अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहराच्या सातव्या वॉर्डात घरोघरी जाऊन पाहणी केली आणि तिथल्या कृष्णवर्णीयांच्या जास्त मृत्यूंचं कारण त्यांच्या वंशात नसून घरं, पाणी, काम आणि वागणूक यांत आहे असं १८९९ मध्येच मांडलं. दुसरी, गरिबी आणि शिक्षण यांनी बरंच उलगडतं, पण सगळं नाही. अमेरिकेत कृष्णवर्णीय पदवीधर स्त्रियांमध्ये गरोदरपणाशी संबंधित मृत्यूंचं प्रमाण शाळाही पूर्ण न केलेल्या गोऱ्या स्त्रियांपेक्षा जास्त आढळलं आहे. म्हणजे पदवी आणि नोकरी हाती असूनही दवाखान्याच्या दारात काहीतरी आडवं येतं. ते काय, हे शोधणं आपल्या कामाचा भाग आहे.

वेल्समधल्या एका खाणवस्तीत डॉक्टरकी करणारे ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी १९७१ मध्ये लिहिलं होतं की चांगल्या उपचारांची उपलब्धता गरजेच्या उलट्या प्रमाणात असते. ज्यांना जास्त गरज, त्यांच्या वाट्याला कमी. कोणतीही नवी सोय केली आणि ती ‘सर्वांसाठी खुली’ म्हणून सोडून दिली, की आधीच सुस्थितीत असलेले लोक तिथे आधी पोहोचतात. म्हणून योजना आखतानाच शेवटच्या माणसाचा विचार करावा लागतो. मागाहून ठिगळ लावून ते साधत नाही.

पायरी पहिली: सरासरी फोडा

गावाचं, शहराचं, दवाखान्याचं लसीकरण ९० टक्के झालं असेल, तर सगळ्यांना समाधान वाटतं. पण लोकसंख्येत दहा टक्के असलेल्या समाजात ते ४५ टक्केच असलं तरी एकूण सरासरी ९० दिसू शकते. सरासरीच्या पोटात माणसं हरवतात. त्यामुळे पहिलं काम, हाती असलेले आकडे समाजानुसार, भाषेनुसार, वस्तीनुसार वेगळे करून पाहणं.

यासाठी मोठी यंत्रणा लागत नाही. एका दवाखान्याची मागच्या वर्षाची नोंदवही घ्या. तपासणीला किती आले, किती जण पुन्हा आले, किती जणांचे उपचार पूर्ण झाले, हे गटवार मोजा. मग विचारा की त्या परिसरात त्या गटाचे एकूण किती लोक राहतात. प्रमाण काढताना खाली लिहायचा हा आकडा, म्हणजे छेद, बरेचजण विसरतात. दवाखान्यात एखाद्या समाजाचे रुग्ण कमी दिसतात म्हणजे तो समाज निरोगी आहे असा अर्थ लावला जातो, आणि ते मुळात पोहोचतच नाहीत हे कोणाच्या लक्षात येत नाही.

गट कोणता, हे रुग्णाने स्वतः सांगावं. नावावरून, कपड्यांवरून, रंगावरून अंदाजाने नोंद करू नये. का विचारत आहोत ते आधी सांगावं, आणि ‘सांगायचं नाही’ हा पर्याय मोकळेपणाने द्यावा. ज्या समाजाला सरकारी यादीचा वाईट अनुभव आहे, तिथे हा प्रश्न नुसता प्रश्न नसतो, धोक्याची घंटा असते. माहिती कोणाच्या ताब्यात राहील, कोण पाहील, याचं उत्तर तयार नसेल तर विचारूच नका. कॅनडातल्या मूलनिवासी राष्ट्रांनी १९९८ मध्ये याबाबत चार तत्त्वं ठरवली: आमच्याबद्दलच्या माहितीची मालकी आमची, नियंत्रण आमचं, ती पाहण्याचा हक्क आमचा आणि ती आमच्या ताब्यात. मोठ्या संस्थेला हे अवघड वाटेल, पण लहान कामात हे पहिल्या दिवसापासून पाळता येतं.

लहान आकड्यांबाबत जपून. एका वस्तीत मागच्या वर्षी दोन मृत्यू आणि यंदा चार, म्हणून ‘मृत्यू दुप्पट झाले’ असं लिहू नये. तीन ते पाच वर्षांचे आकडे एकत्र करून पाहावं. पाचपेक्षा कमी लोकांची संख्या जाहीर अहवालात छापू नये, कारण ते लोक ओळखू येतात. आणि आकडे मांडताना भाषा सांभाळावी. ‘या समाजात क्षयरोग जास्त’ असं वाक्य बाहेर पडलं की दुसऱ्या दिवशी त्या समाजाच्या मुलांना शाळेत बोलणी बसतात. ‘या समाजापर्यंत क्षयरोगाचं निदान उशिरा पोहोचतं’ असं लिहिलं की दोष जिथे आहे तिथे दिसतो.

पायरी दुसरी: एका माणसाबरोबर पूर्ण वाट चाला

सगळ्या पायऱ्यांमध्ये मला हीच सर्वांत मोलाची वाटते, आणि नवखे लोक नेमकी हीच टाळतात, कारण तिला वेळ लागतो. कागदावर उपचारांची वाट सरळ दिसते. प्रत्यक्षात ती पाहायची असेल तर एखाद्या रुग्णाची परवानगी घेऊन तिच्याबरोबर घरापासून निघा आणि उपचार सुरू होईपर्यंत सोबत राहा. मध्ये बोलू नका, ओळखी वापरू नका. फक्त लिहून घ्या.

समजा, स्तनात गाठ जाणवलेली पन्नाशीची बाई आहे. तिची भाषा दवाखान्याची भाषा नाही. पहिला टप्पा, गाठ लक्षात आली आणि घरात सांगितली. इथेच कधी दोन महिने जातात. दुसरा टप्पा, रोजंदारी बुडवून दवाखाना. सकाळी नोंदणीची खिडकी दोन तासच उघडी असते, आणि ती वेळ तिच्या कामाची. तिसरा टप्पा, फॉर्म. नाव जसं ओळखपत्रावर आहे तसं खिडकीवरच्या माणसाला लिहिता येत नाही. तो वैतागतो, मागचे लोक कुरकुरतात, ती मान खाली घालते. चौथा टप्पा, तपासणी. पुरुष डॉक्टर, उघडा पडदा, सोबत कोणी नाही. पाचवा टप्पा, सोनोग्राफी दुसऱ्या इमारतीत, पाट्या फक्त एका भाषेत. सहावा टप्पा, ‘रिपोर्ट आला की फोन करू.’ फॉर्मवर नंबर मुलाचा. मुलगा कामावर, अनोळखी नंबर उचलत नाही. दवाखान्याच्या वहीत शेरा पडतो, ‘रुग्ण पाठपुराव्यास आला नाही.’

हा शेरा सगळ्या दोषाचं ओझं त्या बाईवर टाकतो. तुमच्या वहीत मात्र सहा जागा लिहिलेल्या असतात, आणि त्यातल्या निदान तीन जागा फार खर्च न करता बदलता येण्यासारख्या असतात.

दोन-तीन जणांबरोबर असं चालून झालं की मग मोजणी करा. गाठ जाणवलेल्या शंभर बायकांपैकी दवाखान्यात किती आल्या, तपासणी किती जणींची झाली, रिपोर्ट किती जणींच्या हातात पडला, उपचार किती जणींचे सुरू झाले. असे आकडे अल्पसंख्याक आणि बाकीचे अशा दोन्ही गटांसाठी शेजारी शेजारी मांडा. ज्या टप्प्यावर दोन गटांमधलं अंतर एकदम वाढतं, तिथे वाट तुटली आहे. कधी ती जागा अगदी सुरुवातीला असते, कधी अगदी शेवटी. शेवटच्या टप्प्यावर गळती असताना सुरुवातीच्या टप्प्यावर पत्रकं वाटत बसलं तर उपयोग होत नाही, हे इथे आकड्यांतच दिसतं.

पायरी तिसरी: ऐका, आणि अविश्वासाचा आदर करा

‘त्यांचा डॉक्टरांवर विश्वासच नाही’ ही तक्रार सतत कानावर येते. अविश्वास अनेकदा अनुभवातून आलेला असतो. अमेरिकेत अलाबामा राज्यातल्या टस्कीगी इथे १९३२ पासून सुमारे ६०० कृष्णवर्णीय पुरुषांवर सरकारी आरोग्य खात्याचा एक अभ्यास चालू होता. त्यातल्या ३९९ जणांना सिफिलिस होता. उपचार चालू आहेत असं त्यांना भासवलं गेलं. १९४० च्या दशकात पेनिसिलिन हा खात्रीचा उपचार हाती आला, तरी तो त्यांना दिला गेला नाही. आजार पुढे कसा जातो ते पाहत राहिले. १९७२ मध्ये वर्तमानपत्रांनी उघड केल्यावर हे थांबलं. सरकारने माफी मागितली ती १९९७ मध्ये. अशा आठवणी घराघरांत पुढच्या पिढीला सांगितल्या जातात. असा इतिहास प्रत्येक समाजाचा वेगळा असतो; काम सुरू करण्याआधी तुमच्या समाजाचा इतिहास माहीत करून घ्या.

शंकेला उत्तर मिळालं नाही की ती जागा दुसरं कोणीतरी भरतं. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात सोमाली वंशाच्या मुलांचं गोवराचं लसीकरण २००४ मध्ये ९२ टक्के होतं, म्हणजे तो समाज लसीच्या विरोधात मुळीच नव्हता. मग आपल्या मुलांमध्ये स्वमग्नता जास्त दिसते अशी काळजी पालकांना वाटू लागली. त्यांना समाधानकारक उत्तर मिळालं नाही. लसविरोधी प्रचारक मात्र त्यांच्याकडे आवर्जून आले आणि त्यांनी खोटं उत्तर दिलं. २०१४ पर्यंत लसीकरण ४२ टक्क्यांवर घसरलं, आणि २०१७ मध्ये गोवराची साथ आली. ७५ रुग्ण आढळले, त्यातली बहुतेक याच समाजातली मुलं. पालकांची मूळ काळजी स्वमग्नतेची होती. तिच्याबद्दल आधी बोलायला हवं होतं, लसीबद्दल नंतर.

ऐकायला बसाल तेव्हा प्रश्नावली बाजूला ठेवा. ‘मागच्या वेळी घरात कोणी आजारी पडलं तेव्हा काय काय केलंत?’ एवढा एक प्रश्न पुरतो. लोक घटना सांगतात, आणि घटनेत सगळं असतं: पैसे, वाहन, कोणाचा सल्ला, कोणाचं बोलणं लागलं. मग विचारा, ‘तेव्हा काय असतं तर सोपं गेलं असतं?’

समाजाच्या वतीने कोण बोलतं आहे, तेही पाहा. पुढारी, धर्मगुरू, संघटनेचे अध्यक्ष यांना भेटावंच लागतं, त्यांच्याशिवाय दार उघडत नाही. पण त्यांच्यापाशी थांबू नका. अल्पसंख्याक समाजाच्या आतही अल्पसंख्याक असतात: विधवा, अपंग, समलिंगी तरुण, समाजातलाच खालचा मानला गेलेला गट. बायकांशी बायकांनी, वेगळ्या वेळी, वेगळ्या जागी बोलावं. आणि या लोकांच्या वेळेचा मोबदला द्या. सल्लागाराला मानधन आणि वस्तीतल्या बाईला फक्त चहा, हीसुद्धा विषमताच आहे.

पायरी चौथी: भाषेची सोय, घरच्या मुलावर न टाकता

नऊ-दहा वर्षांचा मुलगा आईच्या अंगावरून जाण्याबद्दल डॉक्टरांना सांगतो आहे, हे दृश्य दवाखान्यांमध्ये रोज दिसतं. आई निम्मं सांगत नाही, मुलगा निम्मं समजत नाही, आणि वाईट बातमी असेल तर ती आईच्या आधी त्याला कळते. नवराही चालत नाही, कारण घरात मारहाण असेल तर ती कधीच बाहेर येणार नाही. प्रशिक्षित दुभाष्या, प्रत्यक्ष नाही तर फोनवर, ही सोय उपचारांचाच भाग आहे. दुभाष्या नेमताना तो त्याच लहान समाजातला असेल तर गुप्ततेची काळजी दुप्पट घ्यावी. काही रुग्णांना त्यापेक्षा दूरच्या गावचा अनोळखी आवाज बरा वाटतो. त्यांना विचारा.

बोलताना डॉक्टरांनी आणि कार्यकर्त्यांनी रुग्णाकडे पाहून बोलावं, दुभाष्याकडे पाहून नाही. एका वेळी दोन वाक्यं. आणि शेवटी ‘समजलं ना?’ असं विचारू नये, कारण त्याला सगळे ‘हो’ म्हणतात. त्याऐवजी असं:

‘आजी, मी नीट सांगितलं का ते मला बघायचंय. घरी सुनेला या गोळ्यांबद्दल काय सांगाल?’

‘ही पांढरी सकाळी. आणि ही दुखलं की.’

‘पांढरी सकाळी, बरोबर. दुसरीबद्दल मी नीट सांगितलं नाही वाटतं. ती दुखलं नाही तरी रोज रात्री घ्यायची. आता परत एकदा सांगता?’

समजावण्याची जबाबदारी सांगणाऱ्याने स्वतःकडे घेतली की ऐकणाऱ्याला परीक्षेसारखं वाटत नाही. ही सवय लागायला एक आठवडा पुरतो आणि तिला एक पैसाही लागत नाही. नव्या कार्यकर्त्यांना मी सगळ्यात आधी हेच शिकवायला सांगतो.

पायरी पाचवी: नजर संस्थेकडे वळवा

इथपर्यंत आपण समाजाकडे पाहत होतो. आता दवाखान्याकडे, तिथल्या माणसांकडे आणि यंत्रांकडे पाहायचं. ही पायरी अप्रिय आहे, कारण इथे आपल्याच सहकाऱ्यांना प्रश्न विचारावे लागतात.

कॅनडात विनिपेगमध्ये २००८ साली एक मूलनिवासी माणूस आपत्कालीन विभागात व्हीलचेअरवर ३४ तास बसून होता. तो नशेत असेल किंवा आसऱ्यासाठी आला असेल असं कर्मचाऱ्यांनी गृहीत धरलं. मूत्राशयाच्या संसर्गाने, ज्यावर साधे उपचार होते, तो त्याच प्रतीक्षागृहात मरण पावला. तिथे कोणी त्याला हाकलून दिलं नव्हतं. त्याच्याकडे फक्त कोणी पाहिलं नाही. हेतू वाईट नसतानाही असं घडतं, म्हणून ‘आमच्याकडे भेदभाव होत नाही’ या वाक्यावर थांबता येत नाही. कोणत्या गटाला किती वेळ थांबावं लागतं, वेदनेसाठी औषध कोणाला किती लवकर मिळतं, कोण तपासणी न होताच निघून जातं, हे मोजता येतं आणि मोजावं.

यंत्रंही तटस्थ नसतात. बोटाला लावायचा पल्स ऑक्सिमीटर गडद त्वचेवर कधीकधी ऑक्सिजन खऱ्यापेक्षा जास्त दाखवतो. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात यंत्रावर ९२ ते ९६ टक्के दिसत असताना रक्ततपासणीत प्रत्यक्ष ऑक्सिजन ८८ टक्क्यांखाली असण्याचं प्रमाण कृष्णवर्णीय रुग्णांत सुमारे १२ टक्के होतं, गोऱ्यांमध्ये चारपेक्षा कमी. मूत्रपिंडाचं काम मोजायच्या सूत्रात कृष्णवर्णीयांसाठी वेगळा गुणक होता. त्यामुळे त्यांचं मूत्रपिंड कागदावर जास्त चांगलं दिसायचं आणि प्रत्यारोपणाच्या यादीत ते उशिरा यायचे. हा गुणक नसलेलं नवं सूत्र २०२१ मध्ये आलं. २०१९ मध्ये उघड झालेलं एक उदाहरण तर शिकण्यासारखं आहे. कोणाला जादा देखभालीची गरज आहे हे ठरवणारा अल्गोरिदम रुग्णावर आधी झालेल्या खर्चावरून आजाराची तीव्रता ठरवत होता. ज्यांच्यावर मुळातच कमी खर्च होत आला, ते त्याला कमी आजारी वाटले. ही चूक काढली तर जादा मदतीस पात्र ठरणाऱ्यांमध्ये कृष्णवर्णीयांचा वाटा सुमारे १८ टक्क्यांवरून ४७ टक्क्यांच्या जवळ जात होता.

नवख्याने यातून घ्यायचं ते एवढंच. कोणतंही मोजमाप, गुणांकन, निकष हाती आला की विचारा: हा कोणावर तपासून ठरवला? आपल्या लोकांवर तपासला आहे का?

आणि वागणुकीबद्दल न्यूझीलंडमधल्या माओरी परिचारिका इरिहापेटी रॅम्सडेन यांनी दिलेला निकष मला सगळ्यांत रोखठोक वाटतो. सेवा सुरक्षित वाटली की नाही, हे सेवा घेणाऱ्याने ठरवायचं, देणाऱ्याने नाही. १९९२ पासून तिथल्या परिचारिकांच्या शिक्षणात हा विचार समाविष्ट आहे. ‘अमक्या समाजाचे लोक असे असतात’ अशी यादी पाठ करायला लावणारं प्रशिक्षण घेण्यापेक्षा, आपल्या हातात किती सत्ता आहे आणि समोरच्याला ती कशी जाणवते, हे तपासणं जास्त उपयोगी.

पायरी सहावी: एक तुटलेली जागा निवडा आणि पूर्ण दुरुस्त करा

आता हाती मोठी यादी असेल. सगळं एकदम करू नका. तीन प्रश्नांवर निवड करा: कुठे गळती सर्वांत जास्त आहे, समाजाला काय सर्वांत महत्त्वाचं वाटतं, आणि आपल्या हातात काय आहे. तिन्हींची उत्तरं जुळतील अशी एक जागा निघते. समाजाचं म्हणणं आणि तुमचे आकडे वेगळं सांगत असतील तर पहिल्या वेळी समाजाचं ऐका.

पूर्ण दुरुस्ती म्हणजे काय, ते अमेरिकेतल्या डेलावेअर राज्याने मोठ्या आतड्याच्या कर्करोगाबाबत दाखवलं. २००२ पासून त्यांनी तपासणी मोफत केली, पण तिथे थांबले नाहीत. विमा नसलेल्या रुग्णाला कर्करोग निघाला तर उपचारांचा दोन वर्षांचा खर्च उचलला, आणि रुग्णाला हाताला धरून एका टप्प्यावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या परिचारिका नेमल्या. त्याआधी कृष्णवर्णीयांमध्ये तपासणीचं प्रमाण ४८ टक्के होतं, गोऱ्यांमध्ये ५८. २००९ पर्यंत दोन्ही गट ७४ टक्क्यांवर आले. कृष्णवर्णीयांमधले या कर्करोगाचे मृत्यू ४२ टक्क्यांनी उतरले आणि दोन्ही गटांचे मृत्युदर जवळजवळ सारखे झाले. तपासणी फुकट पण उपचार विकत, असं ठेवलं असतं तर हे झालं नसतं. निदान झाल्यावर हातात काहीच देता येणार नसेल तर तपासणी शिबिर भरवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

वाट दाखवणारा माणूस त्याच समाजातला असला की काम वेगाने पुढे जातं. रोमानियात रोमा या अल्पसंख्याक समाजातल्या बायकांना आरोग्य मध्यस्थ म्हणून तयार करून २००२ मध्ये सरकारी व्यवस्थेत घेतलं. त्या घरोघरी जातात, कागदपत्रं करून देतात, डॉक्टरांना समाजाची आणि समाजाला डॉक्टरांची बाजू सांगतात. सिडनीच्या रेडफर्नमध्ये १९७१ साली ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींनी याहून पुढचं पाऊल टाकलं: दवाखानाच स्वतःचा काढला, कारभार स्वतःच्या हातात ठेवला. पुढे त्या धर्तीवर देशभर दवाखाने उभे राहिले.

मात्र मध्यस्थ नेमून बाकीच्या सगळ्यांनी हात झटकायचे, असं होऊ देऊ नका. तिला नियमित पगार, लेखी जबाबदारी, प्रवासखर्च आणि चूक दाखवण्याचा अधिकार हवा. मानधनावर, वर्षावर्षाच्या करारावर, सगळ्यांच्या शिव्या खात काम करणारी बाई दोन वर्षांत थकून निघून जाते आणि तिच्याबरोबर मिळवलेला विश्वासही जातो.

पायरी सातवी: दरी मोजा, नुसती प्रगती नाही

इथे एक हिशेब समजून घ्या. समजा, बहुसंख्य गटात एखाद्या आजाराचे मृत्यू दर हजारी १० होते, ते ५ झाले. अल्पसंख्याक गटात २० होते, ते १२ झाले. दोन्हीकडे सुधारणा आहे. आकड्यांमधलं अंतर १० होतं, ते ७ झालं. म्हणजे दरी कमी झाली. पण आधी प्रमाण दुप्पट होतं, ते आता जवळजवळ अडीचपट झालं. म्हणजे दरी वाढली. दोन्ही विधानं खरी आहेत. ज्याला जे सोयीचं तो ते छापतो. तुम्ही दोन्ही छापा, शेजारी मूळ आकडेही द्या. बहुसंख्य गटाची स्थिती बिघडल्यामुळे दरी मिटली असेल तर ते यश नव्हे, हेही मूळ आकड्यांतूनच कळतं.

मोजणी दर तीन महिन्यांनी, त्याच टप्प्यांवर, त्याच व्याख्यांनी करावी. आणि ती आधी समाजाच्या बैठकीत मांडावी, देणगीदारांपुढे नंतर. आकडे वाईट असतील तर वाईट म्हणून मांडावेत. लोकांना कारण माहीत असतं. ‘तुम्ही गाडीची वेळ बदललीत तेव्हापासून आम्ही येत नाही’ असं एखादी बाई उठून सांगते, आणि तो एक खुलासा कितीतरी विश्लेषणापेक्षा कामाचा ठरतो.

पहिल्या वर्षाचं वेळापत्रक साधारण असं धरावं. पहिले दोन महिने आकडे फोडणं आणि समाजाचा इतिहास समजून घेणं. पुढचे तीन महिने ऐकणं आणि वाट चालणं. सहाव्या महिन्यात समाजाबरोबर एका जागेची निवड. त्यानंतर सहा महिने दुरुस्ती आणि मोजणी. निधी देणारे पाच महिने ‘काहीच न करण्यात’ घालवायला तयार नसतात, म्हणून प्रस्तावातच हे टप्पे कामं म्हणून लिहा आणि त्यांचा खर्च मांडा: दुभाष्यांचं मानधन, बैठकीला येणाऱ्यांचा बुडालेला रोज, लहान मुलं सांभाळणाऱ्या बाईचे पैसे. निधी संपल्यावर मध्यस्थांचा पगार कोण देणार, हा प्रश्न शेवटच्या महिन्यात नाही, पहिल्या महिन्यात विचारा, आणि ज्या कार्यालयाने तो द्यायचा त्याच्या प्रतिनिधीला पहिल्या बैठकीपासून सोबत बसवा.